फ्युरीने डावपेच का बदलले?

हेवीवेट मुष्टियुद्धात जी लढत जवळपास जिंकली होती, तिच्या फेरलढतीसाठी डावपेच बदलावेत का? टायसन फ्युरीपुढे हाच प्रश्न होता. डिसेंबर २०१८ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्याने मागे सरकत, हुलकावण्या देत डिऑन्टे वाइल्डरला झुंजवले. परंतु नवव्या व बाराव्या फेरीत तो कोसळला आणि लढत बरोबरीत सुटली. आता त्याने आणखी दूर राहावे, असे कोणालाही वाटले असते. फ्युरीने नेमके उलट केले. प्रशिक्षक बदलला, वजन सुमारे १६ पौंडांनी वाढवून २७३ पौंडांवर नेले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये लास वेगास येथे पहिल्या फेरीपासूनच चाल केली. वाइल्डरच्या उजव्या ठोशाला पुरेसे अंतर आणि पुढे झेपावणाऱ्या पायांचा जोर लागतो. त्याला सतत मागे रेटले, की दोन्ही मिळत नाहीत. अंगाशी भिडल्यावर वाढीव वजनाचा भार त्याला दमवतो. यात धोका होताच, कारण एक अचूक ठोसा पुरेसा होता. मात्र तिसऱ्या व पाचव्या फेरीत वाइल्डरच कोसळला आणि सातव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल फेकला गेला.