शेंगदाणा तेलातील विष आणि पेंडीची जबाबदारी

भुईमुगाची शेंग जमिनीत पोसते आणि अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशीही मातीतच राहते, त्यामुळे पीक पक्व होताना पावसाने ओढ दिली, किडीने शेंग पोखरली किंवा काढणीनंतर शेंगा ओल्या राहिल्या, की बुरशी दाण्यात शिरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. त्याचा बी-१ हा प्रकार मनुष्यात यकृताचा कर्करोग घडवतो, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीतूनच या विषाचा शोध लागला.

हे विष तेलात फारसे विरघळत नाही, म्हणून गाळपात त्याचा मोठा वाटा पेंडीत राहतो आणि तेलात ते मुख्यतः पेंडीच्या बारीक कणांबरोबर येते. रिफायनरीत क्षाराची प्रक्रिया आणि रंग शोषणारी माती यांमुळे उरलेले विष जवळजवळ नाहीसे होते. घाण्याच्या तेलाला मात्र ही प्रक्रिया मिळत नसल्याने ते नीट निवळणे, गाळणे आणि मुळात दाणा निर्दोष असणे यांवरच त्याची शुद्धता अवलंबून असते.

तेल शुद्ध झाले तरी प्रश्न संपत नाही, कारण दूषित पेंड खाणाऱ्या गाई-म्हशींच्या शरीरात बी-१चे एम-१ या विषात रूपांतर होऊन ते दुधात उतरते आणि दूध उकळल्यानेही जात नाही. भारतात दुधातील एम-१ची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

खरा उपाय गाळपाआधीच आहे. शेंगा लवकर वाळवून दाण्यातील ओलावा सात-आठ टक्क्यांवर आणणे, पोती जमिनीला न टेकवता फळ्यांवर हवेशीर रचणे आणि फुटके, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे हाताने किंवा रंग ओळखणाऱ्या यंत्राने वेगळे काढणे, या साध्या कामांनी विष बरेच घटते, कारण ते बहुधा थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते. नेमके हेच निवडून काढलेले दाणे स्वस्त म्हणून गाळपाला गेले, तर माणसाच्या ताटातून काढलेले विष जनावरांच्या गव्हाणीत जाते. म्हणून गिरण्यांनी कोरड्या, निवडलेल्या मालाला चढा भाव द्यावा, पेंडीची तपासणी करावी आणि दूषित पेंड पशुखाद्यात कदापि मिसळू देऊ नये.