चित्ररथांचे संकलन आणि घरचा संगणक

वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालून पहाटे संपली म्हणजे बेळगाव शहर झोपी जाते आणि अनगोळातील काही घरांत खऱ्या कामाला आरंभ होतो. कारण मंडळाच्या तरुणांनी दोन कॅमेऱ्यांनी व एका मोबाइलने टिपलेले दहा-बारा तासांचे फुटेज एकत्र लावून, त्यातील निवडक अर्धा तास गल्लीसमोर ठेवण्याची जबाबदारी कोणा विशीतल्या मुलाच्या शिरावर येऊन पडलेली असते. असाच एक मुलगा गेल्या वर्षी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, एडिटिंगला कुठला कॉम्प्युटर घेऊ, सांगा की." त्याच्या हातात दुकानातून लिहून आणलेला तपशिलाचा कागद होता, त्यावर प्रोसेसरचे नाव ठळक होते, ग्राफिक्स कार्डाचे त्याहून ठळक होते, आणि डिस्कचा उल्लेख तळाशी अर्ध्या ओळीत उरकलेला होता. मी म्हटले, "कागद राहू दे बाजूला, आधी तुझे फुटेज दाखव." यंत्राची निवड यंत्रापासून नव्हे, तर त्याच्यावर जे ओझे पडणार त्या ओझ्यापासून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे.

ते ओझे किती, याची मोजदाद कठीण नाही. फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लक्ष ७३ हजार ६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले आणि सेकंदास २५ चौकटी मोजल्या, तर एका सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट आणि एका तासाला सुमारे ५६० गिगाबाइट होतात. दादासाहेब फाळक्यांच्या घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडीत, त्या काळी चित्र ही हाताने धरण्याची वस्तू होती. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी, आणि संकलकाने कात्री लावली की तुकडा सुटा. आज तेच चित्र अंकांच्या राशीत विरघळले आहे, आणि ती रास घरच्या डिस्कवर मावावी म्हणून कॅमेरा तिला आवळून बांधतो.

ही बांधणी समजून घेणे अगत्याचे आहे, कारण साऱ्या अडचणींचे मूळ तिच्यात आहे. पेढीवरचा मुनीम पहिल्या तारखेस सगळी शिल्लक सविस्तर मांडतो आणि पुढे रोज केवळ त्या दिवसाची जमा व खर्च लिहितो. मग बारा तारखेची शिल्लक कोणी विचारली, तर त्यास पहिल्या तारखेपासून बेरीज-वजाबाकी करीत यावे लागते. २००३ साली प्रमाणित झालेली एच २६४ ही पद्धती नेमके हेच करते; काही चौकटींमागे एक चित्र पूर्ण ठेवते आणि मधल्या चौकटींत फक्त काय बदलले तेवढे नोंदवते. त्यामुळे ५६० गिगाबाइटचा तास बऱ्यापैकी कॅमेऱ्यात २२-२३ गिगाबाइटवर येतो. परंतु टाइमलाइनवर मधल्याच एखाद्या चौकटीवर बोट ठेवले की संगणकाला मागची सर्व कीर्द वाचावी लागते, आणि तो अडखळतो.

म्हणून प्रोसेसर घेताना ही कीर्द उलगडण्याची वेगळी सोय त्यात आहे की नाही, याची खातरजमा करावी. इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांत अशी सोय २०११ पासून अंगभूत ग्राफिक्सबरोबर येते, मात्र ज्यांच्या नावाअखेर 'एफ' अक्षर असते त्यांत ती नसते, आणि तो भार मग ग्राफिक्स कार्डाने वाहावा लागतो. थोडे पैसे वाचविण्यासाठी दुकानदार बहुधा हा 'एफ'वालाच प्रोसेसर पुढे करतो. रॅम १६ गिगाबाइटहून कमी घेऊ नये. डिस्क दोन असाव्यात, एक वेगवान एसएसडी चालू कामास आणि एक मोठी हार्ड डिस्क साठवणीस. आणि हे सारे लॅपटॉपपेक्षा उभ्या कॅबिनेटमध्ये घ्यावे, म्हणजे पुढल्या वर्षी एक भाग बदलून काम भागते. यंत्र जुनेच असेल तरी खचून जाण्याचे कारण नाही. प्रॉक्सी, म्हणजे मूळ फुटेजच्या हलक्या प्रती, करून त्यांवर काटछाट करावी आणि अखेरच्या रेंडरला, म्हणजे तयार चित्रफीत बाहेर काढताना, मूळ फुटेज जोडावे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत मी स्पष्ट सांगतो, की चोरून मिळविलेले प्रीमियर वापरण्याची आता कोणालाही गरज उरलेली नाही. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन्ही मुक्त असून साध्या यंत्रावर चालतात. बरे ग्राफिक्स कार्ड असेल तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घ्यावी, तिची रंगसुधारणा फार देखणी आहे. लिनक्स वापरणाऱ्याने मात्र ध्यानात ठेवावे, की तेथे ही मोफत आवृत्ती एच २६४ उघडत नाही.

त्या मुलाचे फुटेज पाहिले तेव्हा निराळाच दोष सापडला. ढोलावर टिपरू पडताना दिसे आणि आवाज मागाहून येई. आरंभी फरक जाणवत नसे, पण अर्ध्या तासानंतर ताल पार सुटलेला असे. मोबाइल प्रकाशानुसार सेकंदाच्या चौकटी कमीजास्त करतो, त्याचा हा परिणाम. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चौकटींची गती स्थिर करून घेतल्यावर टिपरू आणि ठोका पुन्हा एकत्र आले. यात नव्या यंत्राचा काही संबंध नव्हता.

विजेची तजवीज सर्वांत आधी करावी, हे मी स्वानुभवाने सांगतो. एका आषाढात माझे रेंडर चौथ्या तासाला पोहोचले असताना वीज गेली, आणि एकमेव डिस्कवरचा सारा प्रकल्प बिघडला. घरातल्या एका लग्नाचा सोहळा त्यात होता, तो पुन्हा मिळाला नाही. तेव्हापासून यूपीएस आणि दुसऱ्या घरी ठेवलेली एक प्रत यांवाचून मी काम आरंभीत नाही.

राहिली लिपी. शीर्षकातले मराठी चुकीचे उमटले, तर बाकीच्या साऱ्या मेहनतीला गालबोट लागते, आणि आमच्या सीमाभागात ते मनाला अधिक लागते. प्रीमियरमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येऊन बसते, जोडाक्षरे फुटतात. म्हणून त्या मुलाबरोबर यंत्र घ्यायला गेलो तेव्हा मी त्याला दुकानात बसूनच 'किल्ले राजगड' आणि 'कार्यकर्त्यांच्या' हे शब्द टाइप करायला लावले, फुटेजच्या दोन फिती टाइमलाइनवर एकीवर एक ठेवून चालवायला लावल्या. रफार आपल्या जागी बसला, वेलांटी आपल्या जागी राहिली, चित्र अडखळले नाही. मगच त्याने पैसे मोजले.