हवेलीच्या मुलीने कोठे खेळावे?

सिल्व्हासाचे नाव निघाले की गोमंतकीय वाचकाला २ ऑगस्ट १९५४ हा दिवस आठवतो. त्यानंतरच्या सिल्व्हासाशी मात्र आपला परिचय बेताचाच. दमणगंगेच्या परिसरात करसवलतींच्या आधाराने कारखाने उभे राहिले. भोवतालच्या पाड्यांवर वारली, कोकणा, धोडिया समाजाची वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दादरा-नगर हवेलीतील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी. अशा एखाद्या पाड्यावरील मुलीने फुटबॉल हाच आपला व्यवसाय करावयाचे ठरविले, तर तिला वाट कोणती, हा प्रश्न आज आम्ही मांडीत आहोत.

मुलींचा फुटबॉल आपल्याकडे नवा नव्हे. त्याची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना १९७५ साली निघाली. १९८० साली कालिकतला आणि १९८३ साली बँकॉकला भारतीय मुली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या. गोव्याच्या योलांडा डिसोझा त्याच पिढीतल्या. एवढा पराक्रम करूनही त्या पिढीला खेळाने पोट भरता आले नाही. पदके मिळाली, सत्कार झाले. पगार कोणी दिला नाही.

मणिपूरच्या बाला देवी २०२० च्या जानेवारीत ग्लासगोच्या रेंजर्स क्लबाशी करारबद्ध झाल्या, तेव्हा सर्वत्र कौतुक झाले व ते योग्यच होते. पण तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. तोवरची वर्षे त्यांना कोणी तारले? मणिपूर पोलिसांतील नोकरीने. बेमबेम देवींची कथा वेगळी नाही; त्याही पोलीस खात्यातच होत्या. ईशान्येकडील मुली उपजतच खेळाडू असतात, असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या गुणाच्या मागे दरमहा येणारा पगार उभा होता, हे सोयीस्करपणे विसरतो.

आता राष्ट्रीय महिला लीग आहे. प्रत्येक क्लबाने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा, असे महासंघाने २०२३ मध्ये ठरविले. म्हणजे महिन्याला सुमारे साडेसव्वीस हजार. रक्कम मोठी नव्हे, पण पाड्यावरील घराला ती लहानही नव्हे. अडचण वेगळीच आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही मोसमांत या लीगमध्ये गोवा, महाराष्ट्र वा गुजरात यांपैकी कोठलाच क्लब नव्हता. कोल्हापूरचा संघ दोन मोसम खेळून गेला, आपला सिरवोदे २०२१-२२ मध्ये खेळला. टिकले कोणीच नाही. पुढे सेसा अकादमीच्या मुलींनी दुसऱ्या श्रेणीतून वर जागा मिळविली, ही समाधानाची बाब होय.

हवेलीच्या मुलीला यातून काय मिळते? करार अठराव्या-विसाव्या वर्षी होतो. त्याआधी चार-पाच वर्षे तिला सातत्याने सामने हवेत, बूट हवेत, पोटभर जेवण हवे आणि मुलगी हातची गेली असे आईबापांना वाटू नये इतका भरवसा हवा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावयाचे असतात आणि ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण त्या कार्यांत मोडते. सिल्व्हासाच्या कारखानदारांना यापेक्षा वेगळी सबब शोधावी लागेल. पोलीस दलात महिला खेळाडूंसाठी चार-दोन जागा राखणे तर प्रशासनाच्याच हाती आहे. २०२० पासून दमण, दीव व हवेली एकाच प्रशासनाखाली आहेत, तेव्हा तीन दारी अर्ज घेऊन हिंडण्याचेही कारण उरले नाही.

आणि आपण? गोव्यात मुलींची लीग भरते. तीत सिल्व्हासाचा एक संघ पाहुणा म्हणून खेळविण्यास नियमांची आडकाठी असेल, तर गोवा फुटबॉल असोसिएशनने ती दूर करावी. वापीहून मडगाव काही परदेश नव्हे. रेल्वेचा एका रात्रीचा प्रवास आहे.