उमेको : नाव आणि त्यामागील इतिहास

'उमेको' हे जपानी मुलीचे नाव दोन शब्दांचे बनले आहे. 'उमे' हा जर्दाळूच्या जातकुळीतला एक वृक्ष, आणि 'को' म्हणजे अपत्य. परंतु एवढा शब्दार्थ सांगून या नावाची ओळख पुरी होत नाही. त्यातील 'को' या लहानशा प्रत्ययात जपानी स्त्रीच्या सामाजिक स्थानाचा मोठा इतिहास सामावलेला आहे.

उमे वृक्ष मुळात चीनमधून जपानात आला. हिवाळा सरत असताना, पालवी फुटण्यापूर्वीच, तो पांढऱ्या वा गुलाबी फुलांनी बहरतो. आठव्या शतकातील 'मान्योशू' या काव्यसंग्रहात चेरीच्या फुलांपेक्षा उमेच्या फुलांवरील कविता अधिक आहेत. थंडीला न जुमानता फुलणारे हे झाड चिकाटीचे प्रतीक मानले गेले, आणि म्हणूनच मुलींच्या नावांत त्याला मानाचे स्थान मिळाले.

'को' हे अक्षर ज्या चिनी चिन्हाने लिहितात, ते चिन्ह चीनमध्ये थोर पुरुषांच्या नावाला आदरार्थ जोडीत असत. जपानातही प्रारंभी ते पुरुषांच्या नावात आढळते. इ. स. ६०७ मध्ये चीनच्या सुई दरबारी गेलेला जपानी राजदूत ओनो नो इमोको हा पुरुषच होता. नवव्या शतकाच्या प्रारंभी सागा सम्राटाने आपल्या राजकन्यांना 'को'ने संपणारी नावे दिली. तेव्हापासून हा प्रत्यय राजकन्या व उमरावांच्या मुली यांचे भूषण ठरला.

शेतकरी, कारागीर आणि व्यापारी यांच्या घरी मात्र उमे, मात्सु, हारु अशी आटोपशीर नावे ठेवीत. हाक मारताना त्यांच्याआधी 'ओ' लावला, की ती आदराची होत. 'को' त्यांच्या वाट्याला सहसा येत नसे.

मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, जन्मावर आधारलेली जुनी समाजरचना मोडली आणि सुशिक्षित स्त्रिया आपल्या नावाला 'को' जोडू लागल्या. त्सुदा उमेको हे याचे ठळक उदाहरण होय. १८६४ साली एदो येथे जन्मलेल्या या मुलीचे मूळ नाव 'उमे' होते. त्या काळच्या लेखनपद्धतीनुसार ते 'मुमे' असे लिहीत. १८७१ साली सरकारने शिक्षणासाठी अमेरिकेला पाठविलेल्या पाच मुलींत ती सर्वांत धाकटी होती. १८८२ साली ती परतली, तेव्हा मातृभाषा जवळजवळ विसरली होती. पुढे १९०० मध्ये तिने तोक्यो येथे स्त्रियांसाठी इंग्रजी शिक्षणाची संस्था स्थापन केली आणि १९०२ मध्ये आपले नाव अधिकृतपणे 'उमेको' असे करून घेतले. कवयित्री योसानो आकिको हिचेही पाळण्यातले नाव 'शो' होते. 'आकिको' हे तिने लेखनासाठी घेतले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'को' घरोघरी पोचला. जो मान एके काळी राजकन्यांपुरता होता, तो शेतकऱ्याच्या मुलीलाही मिळाला. परंतु सर्वांचा झाल्यावर त्याचे वैशिष्ट्य ओसरले. १९६० नंतर आईबापांना 'को'विना नावे नवी आणि मोकळी वाटू लागली, आणि शतक संपण्यापूर्वीच लोकप्रिय नावांतून 'को' मागे पडला. राजघराण्यात जन्मलेल्या मुलींना मात्र तो आजही लावतात.

जुलै २०२४ मध्ये चलनात आलेल्या पाच हजार येनच्या नोटेवर त्सुदा उमेको हिचे चित्र आहे. ती नोट हाती घेणाऱ्या शाळकरी मुलींपैकी थोड्याच जणींच्या नावात आता 'को' आढळेल.