गोचिडाचा ताप

पूर्ण वाढलेला गोचीड आठ पायांचा असतो, म्हणून तो कीटक नव्हे. कोळी आणि विंचवाच्या गोतातला जीव. शेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पोळ्याला बैल धुताना कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, गळ्याखालच्या पोळीच्या घडीत हात फिरला की तो बोटाला लागतोच. रक्त पिऊन टम्म झालेली मादी करड्या रंगाची, हुबेहूब एरंडाच्या बीसारखी दिसते. लॅटिनमध्ये गोचिडाला आणि एरंडाला ‘रिसिनस’ हा एकच शब्द आहे, तो याच साम्यामुळे.

माणसाला मात्र बहुधा असा टपोरा गोचीड चावत नाही. मादी पोट भरल्यावर जनावरावरून गळून पडते आणि गोठ्याच्या भिंतीतल्या भेगांत, दगडाखाली किंवा गवताच्या बुंध्याशी दोन-तीन हजार अंडी घालून मरते. त्यातून खसखशीच्या दाण्याएवढी, सहा पायांची पिल्ले निघतात. ती गवताच्या टोकावर चढून पुढचे पाय पसरून बसतात. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब त्यांना त्या पायांनीच कळते. जवळून जाणाऱ्या गाईच्या, कुत्र्याच्या किंवा निंदायला बसलेल्या बाईच्या कपड्याला पिल्लू चिकटते आणि मऊ कातडीपर्यंत सरकत जाते. चावलेले कळत नाही, कारण त्याच्या लाळेत कातडी बधिर करणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्ये असतात. पिल्लू, किशोर आणि प्रौढ या प्रत्येक अवस्थेत त्याला रक्त लागते. बऱ्याच जाती दर अवस्थेत नवे जनावर धरतात, आणि एकाचा रोग दुसऱ्यापर्यंत नेतात.

हे दुवे आधी जनावरांत सापडले. अमेरिकेत गुरे मारणारा ‘टेक्सास ताप’ गोचिडामुळे पसरतो, हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 मध्ये दाखवून दिले. बाबेसिया नावाच्या परजीवीमुळे होणाऱ्या त्या रोगात तांबड्या पेशी फुटतात आणि गाईची लघवी कॉफीच्या रंगाची होते. थायलेरियामुळे होणारा रोग हा दुसरा. त्यात ताप चढतो, खांद्यापुढच्या गाठी सुजतात, दूध आटते. देशी गाय तो बऱ्यापैकी सोसते. जर्सी किंवा होल्स्टीनची संकरित गाय मात्र वेळेवर औषध न मिळाल्यास दगावते. पशुपालक या सगळ्याला मिळून ‘गोचीड ताप’ म्हणतात. हा शब्द गुरांपुरताच राहिला, ही मोठी अडचण आहे. घरातल्या मुलाच्या तापाशी गोचिडाचा संबंध असू शकतो, हे अजून पुरेसे रुजलेले नाही.

माणसाला होणारा ताप वेगळ्या जंतूचा असतो. रिकेट्सिया हा अतिसूक्ष्म जीवाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वाढतो. भारतातला त्याचा नेहमीचा प्रकार मुख्यतः कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडातून येतो. चावल्यानंतर साधारण आठवडाभराने जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते, डोळे लाल होतात. दोन-चार दिवसांनी मनगटांवर आणि घोट्यांवर पुरळ उठते, आणि ते तळहात-तळपायांवरही दिसते. ही खूण फार मोलाची, कारण तळहातावर पुरळ उठवणारे ताप थोडेच आहेत. पायांवर सूज येते. उपचार लांबले तर पुरळ काळेनिळे पडते, बोटांची टोके किंवा कानाच्या पाळ्या सडू लागतात. मेंदू, फुप्फुसे, मूत्रपिंडेही तावडीत सापडतात.

शेगावहून रेल्वेने तासाभराच्या आत असलेल्या अकोल्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा ताप आलेल्या मुलांचा अभ्यास केला. ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’मध्ये 2011 साली त्यांनी हा ताप, म्हणजे ‘स्पॉटेड फिव्हर’, लवकर ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत सुचवली. तिच्यात पुरळ आणि सूज यांच्या जोडीला मूल खेड्यातले आहे का, घरी पाळीव जनावर आहे का, गोचिडांशी संबंध आला का, यांनाही गुण आहेत. अशी पद्धत लागते, याला कारण आहे. रक्तात खात्री करून देणारी प्रतिपिंडे दिसायला आठवडा तरी जातो, आणि पावसाळ्यात प्लेटलेट उतरलेल्या प्रत्येक तापावर पहिला संशय डेंग्यूचा जातो. नेहमीची पेनिसिलीनच्या जातीची औषधे या जंतूवर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध डॉक्टरांनी वेळेवर सुरू केले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. म्हणून ‘घरी कुत्रा आहे, गेल्या आठवड्यात पोराच्या कानामागे गोचीड निघाला होता’ हे एक वाक्य दवाखान्यात सांगायलाच हवे.

स्क्रब टायफस हा याचाच नातलग. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याने थैमान घातले होते. तो गोचिडातून नव्हे, त्याहून बारीक जिवाच्या ‘चिगर’ नावाच्या पिल्लातून येतो. चावल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते, पण ती काखेत, जांघेत लपलेली असते. औषध तेच. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये आलेला माकडताप मात्र विषाणूचा, जंगलातल्या गोचिडांचा. क्रिमियन-काँगो तापही विषाणूचाच. गुजरातेत 2011 साली तो आढळला तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केले होते. हा ताप गोचीड हाताने चिरडल्याने किंवा बाधित जनावराच्या रक्तातूनही लागतो. नखावर नाहीतर दगडाने गोचीड फोडायची सवय म्हणूनच मोडायला हवी.

अंगावर गोचीड सापडला की त्यावर रॉकेल, चुना, तंबाखू लावू नये. काडीचा चटकाही देऊ नये. डिवचलेला गोचीड जखमेत आणखी लाळ सोडण्याची भीती असते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत तोंडापाशी धरून, न पिळता, सरळ ओढून काढावा, साबणाच्या पाण्यात टाकावा, जखम आणि हात धुवावेत. शेतातून आल्यावर अंघोळ करताना मुलांच्या केसांत, कानांमागे, काखेत पाहावे. फवारणीची औषधे पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणातच वापरावीत आणि जनावरासोबत गोठाही फवारावा, कारण पुढची पिढी भिंतीत असते. भेगा लिंपाव्यात, कुत्र्याची झोपायची जागा अंथरुणापासून लांब ठेवावी. गोचीड काढलेल्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ती तारीख सांगता येते.