उपनगरीय निवासातील अध्यापकाची कार्यजागा : अल्पखर्चिक मांडणीचा विचार

प्रस्तावना :
मार्च 2020 मधील टाळेबंदीने महाविद्यालयीन अध्यापन घरात आणले. पुढे वर्ग पूर्ववत भरू लागले. तथापि व्याख्यानांची तयारी, ऑनलाइन बैठका आणि अहवाललेखन यांचा बराच भाग आजही घरीच होतो. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड वा बोरिवली येथील लहान सदनिकेत स्वतंत्र अभ्यासिका क्वचितच असते. जेवणाचे टेबल हेच कामाचे टेबल ठरते. अशा घरात महाग खुर्चीवाचून मान, पाठ व मनगटे कशी जपावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :
काम माणसाच्या मापाचे करावे, माणसाला कामाच्या मापात बसवू नये, हे अर्गोनॉमिक्स या शास्त्राचे मूळ सूत्र होय. लॅपटॉप नेमके याच्या उलट करतो. त्यात पडदा व कळफलक जोडलेले असल्याने पडदा उंच केला तर हात वर उचलावे लागतात आणि कळफलक हाताशी ठेवला तर मान झुकते. म्हणून स्वतंत्र साधा कळफलक व माऊस घेणे, हाच येथील एकमेव आवश्यक खर्च होय.

मांडणीचा क्रम :
1) हात : जेवणाचे टेबल साधारणतः 75 सें.मी. उंच असते. कमी उंचीच्या व्यक्तीचे कोपर त्याखाली राहते व खांदे नकळत वर चढतात. कोपर टेबलाच्या पातळीस येईपर्यंत आसनावर घट्ट उशी वा सतरंजीची घडी ठेवावी.
2) पाय : आता पाय अधांतरी राहत असतील, तर खाली पाट घ्यावा.
3) पाठ : कमरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची गुंडाळी ठेवावी.
4) डोळे : जाड ग्रंथांवर लॅपटॉप ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस वा किंचित खाली, हातभर अंतरावर आणावी. बायफोकल चष्मा वापरणाऱ्यांनी पडदा आणखी खाली ठेवावा. अन्यथा हनुवटी वर करून वाचावे लागते. खिडकी समोर वा पाठीमागे नसावी, बाजूला असावी.

कागदी उत्तरपत्रिका तपासताना पूर्वीच्या पेढीवरील उतरते मेज आठवावे. पुस्तकांना टेकवलेली फळी तेच कार्य करते. कागद डोळ्यांकडे येतो, मान कागदाकडे जात नाही.

निष्कर्ष :
कोणतीही बैठक दीर्घकाळ निर्दोष राहत नाही. दर अर्ध्या तासाने उठावे व खिडकीतून दूरवर पाहावे. हातास मुंग्या येणे वा वेदना टिकून राहणे, ही लक्षणे दिसल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. रात्री याच टेबलावर पाने मांडावयाची असतात. म्हणून कळफलक, माऊस व टॉवेल एका पिशवीत ठेवावेत. जी मांडणी पाच मिनिटांत उभी राहते व आवरता येते, तीच लहान घरात रोज पाळली जाते.