बेकरीचा खाऊ आणि न दिसणारा गहू

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना अर्धापूर मागे पडले की पुढे कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव लागते. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडे गेलेली मंडळी सुटीत अशा गावी परततात, तेव्हा हातात बेकरीचा खोका असतोच. इकडे आजीनेही नातवंडांसाठी खारी, टोस्ट आणि नानकटाई आणून डबा भरून ठेवलेला असतो. या देवघेवीत एरवी वावगे काही नाही. परंतु नातवंडांपैकी एखाद्याला सिलिॲक आजार असल्याचे निदान झाले असेल, तर तोच डबा घरातील अवघडलेपणाचे कारण ठरतो. आई नको म्हणते, लेकरू डब्याकडे पाहत राहते आणि आजी विचारते, ‘‘एवढुशानं काय व्हतंय?’’

आजीचा प्रश्न रास्त आहे. साखरेच्या रुग्णाने पेढ्याचा कण चाखला, तर सहसा आभाळ कोसळत नाही. सिलिॲक आजाराची गोष्ट निराळी आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की या रुग्णांची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नातील सत्त्व शोषून घेणारे हे उंचवटे झिजून सपाट होतात. मग जुलाब, पोटफुगी, न हटणारा रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ, ठिसूळ हाडे अशा निरनिराळ्या वाटांनी आजार प्रकट होतो. कित्येकदा बाहेरून काहीच दिसत नाही आणि आतील झीज मात्र चालू राहते. ‘खाल्ले आणि काही झाले नाही’ हा पुरावा येथे चालत नाही, तो त्यामुळेच. या आजारावर आजमितीस आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य करणे हाच मान्य उपचार आहे.

आजार परदेशी वाटत असला तरी तो आपल्याकडे आहे. भारताच्या उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागांतील प्रौढांची पाहणी करणारा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरेत हजारी सुमारे साडेआठ, ईशान्येत साडेचारच्या थोडे वर, तर दक्षिणेत दहा हजारांत जेमतेम एक असे या आजाराचे प्रमाण आढळले. आजाराला पोषक ठरणारी जनुके तिन्ही भागांत साधारण सारखीच होती, फरक होता तो गव्हाच्या सेवनात. ज्वारीच्या भाकरीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या मराठवाड्याने या निष्कर्षाकडे लक्ष द्यावयास हवे. रेशनच्या गव्हाने आणि बेकरीच्या पावाने येथील ताटही बदलले आहे.

आता ‘एवढुशानं’ म्हणजे नेमके किती, ते पाहू. इटलीतील संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काटेकोर पथ्य पाळणाऱ्या रुग्णांना तीन महिने रोज अत्यल्प ग्लुटेन दिले. दिवसाला 50 मिलिग्रॅम इतक्या मात्रेने आतड्याच्या अस्तराची हानी झाल्याचे त्यांना दिसले. म्हणून दिवसाकाठी 10 मिलिग्रॅमच्या आत राहावे, ते बहुतेक रुग्णांना सोसते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मैद्यात दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि त्यांतील बहुतांश ग्लुटेनच असते. म्हणजे एक ग्रॅम मैद्यात सुमारे 80 मिलिग्रॅम ग्लुटेन झाले. त्या हिशेबाने दिवसाची मर्यादा एक अष्टमांश ग्रॅम मैद्यात, म्हणजे बोटाला चिकटलेल्या पिठात संपते. पावाच्या एका स्लाइसमध्ये दीड-दोन ग्रॅम ग्लुटेन असते. तिचे दीडशे तुकडे केले, तर त्यातील एक तुकडा पुरे.

हे मोजमाप ध्यानात घेतले की बेकरीत धोका कोठे आहे, हे आपोआप कळते. ज्यात उघडउघड मैदा आहे ते पदार्थ वर्ज्यच असतात, त्यांविषयी संभ्रम नसतो. घोटाळा होतो तो ज्या पदार्थांत मुळात मैदा नाही त्यांच्या बाबतीत. काजू-अंड्याचे मॅकरून, नाचणीची बिस्किटे, नारळाचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की हे सारे त्याच छताखाली तयार होते किंवा विकले जाते. भट्टीच्या खोलीत मैद्याची पोती उलटली जातात, चाळण्या हलतात, मळणीचे यंत्र फिरते. उडालेले पीठ बराच वेळ हवेत तरंगते आणि मग जे उघडे असेल त्यावर बसते. ओटा तोच, पत्रे तेच, पीठ मळणारे हातही तेच. मळलेले पीठ चिकटू नये म्हणून ओट्यावर आणि पत्र्यावर जी पिठी भुरभुरतात ती मैद्याचीच. नाचणीच्या बिस्किटात मैद्याचा कण नसला, तरी त्याच्या बुडाला तो लागलेला असू शकतो.

पुढे दुकानाच्या दर्शनी भागात दुसरा फेरा सुरू होतो. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर खारी आणि खालच्या फळीवर मॅकरून असतील, तर खारीचा चुरा खाली पडणारच. बरण्यांत फिरणारा चिमटा एकच, तागडीचे पारडे एकच. फरसाणाच्या दुकानात शंकरपाळे आणि जिलेबी तळलेल्या तेलातच बटाट्याचे वेफर्स तळले जातात. एक समजूत मात्र आधी दूर केली पाहिजे. भट्टीची आच जंतू मारते, ग्लुटेन नष्ट करीत नाही. ते जंतू नसून प्रथिन आहे. हाताला चोळण्याचे निर्जंतुक द्रवही त्याला काही करीत नाही. साबण, पाणी आणि घासणी यांनी ते धुऊन काढावे लागते.

तरीही सर्वच स्पर्श सारखे घातक नसतात, हे सांगणे आवश्यक आहे, अन्यथा भीतीने जगणे अशक्य व्हायचे. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील बालरुग्णालयातील संशोधकांनी 2020 च्या सुमारास घरगुती परिस्थितीत काही चाचण्या केल्या. गव्हाचा पास्ता उकडलेल्या पाण्यातच ग्लुटेनमुक्त पास्ता उकडला, तेव्हा ग्लुटेनचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले. एकाच टोस्टरमध्ये भाजलेल्या पावाच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही आणि एकाच सुरीने कापलेल्या केकच्या तुकड्यांपैकी थोडेच मर्यादा ओलांडून गेले. थोडक्यात, उडणारे कोरडे पीठ, वापरलेले तेल आणि पाणी, मिसळलेला चुरा यांच्याशी झगडा मोठा आहे. चिमटा वेगळा मागावा हे खरेच, पण चिमट्यावर भांडण करून भट्टीतील ओट्याविषयी काहीच न विचारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग विचारावे काय? ‘यात ग्लुटेन आहे का?’ या प्रश्नाला गावोगावच्या बेकरीत उत्तर मिळणे कठीण. ‘यात मैदा आहे का?’ असे विचारले तर ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर मिळते आणि ते अपुरे असते. सुदैवाने मराठी दुकानदाराला वेगळेपणाची कल्पना शिकवावी लागत नाही. आषाढी एकादशीला उपवासाचा चिवडा घेणारे गिऱ्हाईक ‘हे कशाच्या तेलात तळले?’ असे विचारतेच, आणि दुकानदारही उपवासाची कढई निराळी ठेवतो. बिनअंड्याचा केक मागणारे गिऱ्हाईक सुरी पुसून नव्हे, धुऊन घ्यावयास लावते. साबुदाण्याचे वा वरईचे दळण गव्हाच्या दळणावर कोणी टाकत नाही. तीच भाषा येथे वापरावी. ‘लेकराला गव्हाचा कण चालत नाही, डॉक्टरांनी बंदी केली आहे. हे कोणत्या ओट्यावर केले? कशानंतर केले? पत्र्याला कशाची पिठी लावली?’ असे विचारले की दुकानदाराला नेमके कळते. आवड आणि आजार यांतील फरक सांगणे महत्त्वाचे, कारण हल्ली वजन घटविण्यासाठी गहू सोडणाऱ्यांची संख्या वाढल्याने ‘ग्लुटेन नको’ हा शब्दप्रयोग काही ठिकाणी लाडाचा समजला जातो. उत्तर देताना दुकानदार अडखळला, किंवा ‘घ्या हो, काही होत नाही’ म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवावेत.

नावांवरून होणारी फसगत हा आणखी एक प्रकार. ज्वारी आणि जव हे शब्द कानाला जवळचे आहेत, परंतु ज्वारीत ग्लुटेन नाही, जवात आहे. बिस्किटांत आणि दुधात घालायच्या पावडरींत येणारे माल्ट बहुधा जवाचे असते. रवा, दलिया, शेवया हे गव्हाचेच अवतार. अलीकडे प्रतिष्ठा पावलेला खपली गहू पचायला हलका असल्याचे सांगितले जाते. पण तोही गहूच आहे आणि सिलिॲक रुग्णाला तो चालत नाही. ब्राऊन ब्रेड, मल्टीग्रेन टोस्ट यांत गहू असतोच. ‘नाचणीचे’ वा ‘ज्वारीचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक बिस्किटांत बांधणीसाठी मैदा किंवा कणीक घातलेली असते. ज्वारीचे पीठ एकटे धरून राहत नाही, हे भाकरी थापणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. फोडणीचा हिंगही यातून सुटत नाही. बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग बरेचदा गव्हाच्या पिठात मळलेला असतो.

सुट्या मालापेक्षा बंद पाकीट बरे, ते त्यावरील छपाईमुळे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणविणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. जागतिक पातळीवरील ‘कोडेक्स’चे मानकही हेच सांगते. या मर्यादेतील बिस्किटे 100 ग्रॅम खाल्ली, तरी पोटात 2 मिलिग्रॅमच जातात. 20 ते 100 मिलिग्रॅमच्या दरम्यानचा ‘कमी ग्लुटेन’ हा प्रकार वेगळा आहे आणि तो रुग्णांसाठी नाही. 2020 च्या लेबल नियमावलीनुसार ग्लुटेनयुक्त धान्य वापरले असल्यास पाकिटावर तसे नमूद करणे बंधनकारक आहे, आणि नकळत मिसळ होण्याची शक्यता असल्यास ‘असू शकते’ अशा अर्थाची सूचना देता येते. अक्षर बारीक असते, पण घटकांच्या यादीखालची ती ओळ वाचल्याशिवाय पाकीट उचलू नये. पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक आहे की नाही, हेही पाहावे. बेकरीवाल्याने स्वतःच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून वर चिठ्ठी चिकटविलेला माल बंद दिसला, तरी त्याची गणना सुट्या मालातच करावी.

येथे एक इशारा दिला पाहिजे. हे वाचून एखाद्याने संशयावरून घरातील गहू परस्पर बंद करू नये. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी आणि दुर्बिणीने घेतलेला लहान आतड्याचा नमुना यांवरून निदान होते, आणि या तपासण्या गहू आहारात चालू असतानाच कराव्या लागतात. आधीच पथ्य सुरू केले तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

शहरात, विशेषतः पुण्या-मुंबईत, केवळ ग्लुटेनमुक्त पदार्थ करणाऱ्या छोट्या बेकऱ्या आणि घरगुती व्यावसायिक आता आढळतात. जेथे गव्हाचे पीठ आतच येत नाही, तेथे वरील प्रश्नांपैकी बहुतेक उरत नाहीत. गावी जाताना खाऊ अशा ठिकाणाहून न्यावा आणि तो वेगळ्या, झाकणाच्या डब्यात ठेवावा, हे शहाणपणाचे. मात्र महागडा डबा चार दिवसांत संपतो आणि सुटी महिनाभराची असते. तेव्हा प्रश्न पुन्हा आजीच्या स्वयंपाकघरात येतो, आणि तेथे मराठवाड्याची बाजू भक्कम आहे. ज्वारी हे या भूमीचे धान्य. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ आणि अलीकडे लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ असे वाण दिले आहेत. ज्वारीच्या आणि तांदळाच्या पिठात तूप, गूळ घालून घरी केलेल्या खुसखुशीत वड्या बेकरीच्या नानकटाईला उत्तर देऊ शकतात.

अडचण गिरणीची. गावातील गिरणीत गव्हामागून ज्वारी पडते आणि आधीच्या दळणाचे पीठ जात्याच्या पाळ्यांत नि पिशवीत राहिलेले असते. पहाटे पहिला नंबर लावला, तरी आदल्या रात्रीचा गहू आत असतोच. घरातील लहान गिरणी केवळ ज्वारी-तांदळासाठी राखून ठेवणे, हा त्यावर खात्रीचा मार्ग. तेवढी ऐपत नसल्यास नवे भांडे घेऊन मिक्सरवर थोडे थोडे दळावे. त्याआधीचे काम मात्र यंत्राचे नाही. मळणीयंत्रात, पोत्यात, आडतीवर ज्वारीत गव्हाचे दाणे मिसळतात. गव्हाच्या एका दाण्याचे वजन साधारण 40 मिलिग्रॅम असते आणि त्यात तीन-चार मिलिग्रॅम ग्लुटेन असते. तीन दाणे दळले गेले की लेकराची दिवसाची मर्यादा संपली. ते दाणे दुपारच्या उजेडात, सुपात ज्वारी पसरून, एकेक करून वेचावे लागतात, आणि या कामात आजीची नजर अजूनही घरातील सर्वांहून तीक्ष्ण असते.